यंत्राची गृहीते आणि यंत्राची कैफियत

समीक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथ येतो, फार तर एखादा शोधनिबंध येतो. परंतु पदव्युत्तर विद्यार्थी प्रयोगशाळेत जे गद्य नित्य वाचतो ते ग्रंथातले नव्हे. ते उपकरणे चालविणाऱ्या आज्ञावलीने पडद्यावर उमटविलेले गद्य होय. हे गद्य कोणी तरी लिहिलेले असते, कोणाला तरी उद्देशून लिहिलेले असते, आणि त्याचा अर्थ लागला नाही तर त्याचे परिणाम वाचकाला भोगावे लागतात. असे असता त्याची गुणदोषचर्चा आपल्या विभागांतून क्वचितच होते. आज्ञावली ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढ्या दोनच शेऱ्यांवर आपण समाधान मानतो. प्रस्तुत लेखात तिच्या दोन अंगांचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. वापरणाऱ्याला न विचारता आज्ञावलीच्या अथवा उपकरणाच्या कर्त्याने त्याच्या वतीने जे निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात ते एक अंग. प्रयोगशाळांतून त्यांना ‘डिफॉल्ट’ म्हणतात. येथे त्यांना गृहीत मांडणी असेही म्हटले आहे. काही बिघडले असता आज्ञावली जी कैफियत देते, म्हणजे त्रुटिसंदेश, ते दुसरे अंग.

ही दोन अंगे वरवर भिन्न दिसली तरी त्यांचा संबंध निकटचा आहे. गृहीत मांडणी चुकीची असून यंत्र बोलत नसेल तर चूक प्रबंधात शिरते. यंत्र बोलत असेल, पण भलतेच बोलत असेल, तर विद्यार्थ्याचे आठवडे वाया जातात. यांपैकी पहिली आपत्ती अधिक गंभीर असून तिची चर्चा मात्र कमी होते. म्हणून तिच्यापासून आरंभ करणे योग्य ठरेल.

ह्यूलेट-पॅकार्डचा ३३१२०ए हा तरंगजनक घ्यावा. त्याच्या पडद्यावर एक व्होल्टचा आकडा ठेवून त्याचे निर्गम सरळ ऑसिलोस्कोपला जोडले तर तेथे दोन व्होल्ट दिसतात. उपकरणात बिघाड नसतो आणि ऑसिलोस्कोपही खरे बोलत असतो. तरंगजनकाने एवढेच गृहीत धरलेले असते की, त्याच्यापुढे ५० ओहमचा भार जोडलेला आहे. त्याचा स्वतःचा अंतःरोधही ५० ओहमच असल्याने तसा भार असेल तर निम्मा दाब आत खर्ची पडतो, आणि तो वजा जाऊन उरणारा आकडा पडद्यावर दाखविला जातो. ऑसिलोस्कोपचा रोध याच्या कितीतरी पट मोठा असल्याने दाब खर्ची पडत नाही व प्रत्यक्षात दुप्पट मिळतो. उच्च वारंवारतेच्या कामात ५० ओहमच्या तारा व ५० ओहमचे भार हीच रीत असल्याने त्या क्षेत्रातील मनुष्याला हे गृहीत स्वाभाविक वाटेल. परंतु पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत तसा भार सहसा कोणी जोडत नाही. तेथे हे गृहीत बहुधा खोटेच ठरते, आणि ते खोटे ठरल्याचे यंत्राला कळण्याचा मार्ग नसल्यामुळे त्रुटिसंदेशही उमटत नाही. भार बदलल्याचे यंत्राला सांगण्याची सोय आहे. पण जी गोष्ट सांगावयाची असते हेच ठाऊक नाही, ती कोण सांगणार?

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. त्याच घराण्यातील ३४४०१ए हा मल्टिमीटर एकदिश दाब मोजताना आपला अंतःरोध १० मेगओहम इतका ठेवतो. लहान पल्ल्यांवर तो १० गिगओहमच्या वर नेता येतो, पण ते मुद्दाम मागावे लागते. या गृहीतामागे विचार आहे. अंतःरोध फार मोठा असला तर बाहेरचा गोंगाट मापनात अधिक शिरतो. तो कमी राहावा म्हणून अंतःरोध स्थिर राखलेला आहे. परंतु मोजावयाच्या दाबाच्या उगमाचा रोध १ मेगओहम असेल तर वाचन सुमारे ९ टक्क्यांनी कमी येते. आकडा साडेसहा अंकांचा, स्थिर आणि देखणा दिसतो. अंकांची संख्या पाहून विद्यार्थी विश्वास ठेवतो व चूक पहिल्याच अंकात असते.

या दोन्ही उदाहरणांत उत्पादकाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याने गृहीत काय आहे ते पुस्तिकेत छापलेले आहे. दोष त्यापुढच्या थरात आहे. आज हे मल्टिमीटर बहुधा संगणकावरून चालविले जातात, आणि ती आज्ञावली लिहिणारा संशोधक उपकरणाकडून केवळ आकडा मागतो. तो आकडा कोणत्या मांडणीत मिळाला ते मागतही नाही आणि नोंदवीतही नाही. दोन वर्षांनी प्रबंध लिहिताना फाइलीत दाबाचा स्तंभ असतो, पण अंतःरोध किती होता, समाकलनाचा काळ किती होता, सरासरीची गाळणी चालू होती की बंद, यांपैकी काहीही नसते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. मापकाची मांडणी ६० हर्ट्‌झची राहिली तर तो १६.७ मिलिसेकंदच समाकलन करील आणि विजेची घरघर पुरती रद्द होणार नाही. असे वाचन हाती आले असता, ते कोणत्या मांडणीत घेतले हे फाइलीत नसेल तर, गोंगाट नमुन्याचा की मापकाचा याचा निवाडा मागाहून कोणीही करू शकत नाही.

आता सुरक्षिततेकडे वळू. स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्सचा एसआर८३० हा लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरला गेला आहे. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत शोधून काढण्यात तो निष्णात असून त्याच्या पुस्तिकेइतके चांगले अध्यापन फार थोड्या पाठ्यपुस्तकांत आढळते. याची गृहीत मांडणी अशी : संदर्भ अंतर्गत, वारंवारता १ किलोहर्ट्‌झ, आणि ज्या निर्गमातून नमुन्याला उद्दीपन द्यावयाचे तेथील दाब १ व्होल्ट. हे निर्गम बंद करण्याची सोय नाही. दाब फार तर ४ मिलिव्होल्टपर्यंत खाली आणता येतो. आता नियंत्रण-आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत उपकरणाला पूर्वस्थितीत आणणारी ‘रीसेट’ आज्ञा लिहावी, हा शिष्टसंमत संकेत आहे. जो विद्यार्थी तो प्रामाणिकपणे पाळतो, त्याच्या नमुन्यावर क्षणार्धात १ व्होल्ट येतो. मध्ये मोठा रोध जोडलेला नसेल तर एक किलोओहमच्या नमुन्यातून सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह जाईल. नॅनोमीटर जाडीच्या तारेला अथवा अतिशीत तापमानातील नाजूक संधीला एवढा प्रवाह तिचा अंत करावयास पुरेसा असतो. नमुना तयार करावयास महिने लागलेले असतात, आणि तो जळाल्यावर पडद्यावर काहीही उमटत नाही. कारण यंत्राच्या दृष्टीने सर्व यथासांग झालेले असते.

याच्याशेजारी कीथ्लीचा २४०० हा उगम-मापक ठेवून पाहावा. त्याची गृहीत मांडणी सावध आहे : निर्गम बंद, दाब शून्य, आणि प्रवाहाची कमाल मर्यादा १०५ मायक्रोअँपिअर. एक यंत्र जागे होताच काम दाखवू पाहते, दुसरे मालकाच्या हुकुमाची वाट पाहते. निर्गम असलेल्या कोणत्याही उपकरणाची मांडणी दुसऱ्या प्रकारची असावी, हे आमच्या मते वादातीत आहे. १९९० साली सिद्ध झालेल्या एससीपीआय या आज्ञाभाषेनेही पूर्वस्थितीत निर्गम बंद असावे असा दंडक घातला. त्याआधी १९८७ सालच्या आयईईई ४८८.२ या मानकाने उपकरण ‘ज्ञात’ स्थितीत यावे एवढेच मागितले होते; ती स्थिती निरुपद्रवी असावी असे मागितले नव्हते. ज्ञात आणि निरुपद्रवी या दोन विशेषणांमधील अंतर वरच्या दोन उपकरणांत स्पष्ट दिसते.

मात्र सावध मांडणी स्वीकारली की काम संपले, असे नाही. २४०० वर डायोडचा प्रवाह-दाब आलेख काढताना दाब वाढत जातो, प्रवाह १०५ मायक्रोअँपिअरला पोहोचतो आणि तेथून आलेख आडवा होतो. हे संपृक्तीचे सुरेख उदाहरण आहे असे ज्याला वाटेल त्याला हसू नये. आलेखाचा आकार खरोखरच तसा दिसतो. वस्तुतः यंत्राने मर्यादेवर हात आखडता घेतलेला असतो. यंत्र ते लपवीत नाही. पडद्यावर मर्यादेची खूण लुकलुकते, आणि संगणकाला पाठविलेल्या प्रत्येक उत्तरात दाब, प्रवाह, रोध, काळ व स्थिती अशी पाच पदे असून पाचव्या पदातील एक बिट नेमके हेच सांगत असते. पण आलेखाला दोनच पदे लागतात, म्हणून आज्ञावली पहिली दोन उचलते व उरलेली टाकून देते. येथे त्रुटिसंदेश लिहिला गेला होता, पाठविला गेला होता, आणि मधल्या माणसाने तो न वाचता केराच्या टोपलीत टाकला.

याच संदर्भात एससीपीआयच्या एका युक्तीचे कौतुक केल्याविना राहवत नाही. वाचन पल्ल्याबाहेर गेले की यंत्र ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात हा आकडा पाठविते. आणि जे मोजलेच नाही त्याच्या जागी त्याहून किंचित मोठा, ९.९१ ने आरंभ होणारा आकडा येतो. हा आकड्याच्या वेषातील त्रुटिसंदेशच होय. असत्य सांगावयाचेच तर ते इतके प्रचंड सांगावे की कोणी फसू नये! सरासरीत असा एक आकडा शिरला की सारी सरासरी आकाशाला भिडते आणि झोपलेला संशोधकही जागा होतो. याउलट, अडचणीच्या प्रसंगी मुकाट्याने शून्य परत करणाऱ्या आज्ञावल्या आमच्या पाहण्यात आहेत. शून्य हे वाचन असू शकते, म्हणूनच ते संदेश होऊ शकत नाही.

आता प्रत्यक्ष कैफियतीकडे येऊ. ज्याने संगणकावरून एखादे उपकरण चालविले आहे त्याला उणे १०७३८०७३३९ हा आकडा ओळखीचा असेल. ‘ठरलेल्या काळात काम पुरे झाले नाही’ असा त्याचा अर्थ. हा आकडा असा अक्राळविक्राळ का, याचे उत्तर सोपे आहे. ३२ बिटांच्या स्थितिदर्शक संख्येतील सर्वांत वरचा बिट त्रुटी दाखविण्यासाठी वापरलेला असून तीच संख्या चिन्हासहित वाचली की ऋण होते. सोळा-आधारी लेखनात ती सुटसुटीत दिसते; दशमान लेखनात ती कर्त्याच्या सोयीचा वाचकावर पडलेला भुर्दंड आहे.

परंतु आकड्यापेक्षा आशयाचा दोष मोठा आहे. विद्यार्थ्याने उपकरणाला विचारावयाच्या प्रश्नात एका अक्षराची चूक केली असे समजू. उपकरणाला प्रश्न कळत नाही. ते आपल्या अंतर्गत रांगेत उणे ११३, ‘अज्ञात आज्ञा’, अशी नोंद करून स्वस्थ बसते. संगणक उत्तर वाचावयास जातो. उपकरणाजवळ उत्तर नसते, म्हणून ते रांगेत दुसरी नोंद करते : उणे ४२०, पुरा प्रश्न न विचारता उत्तर मागितले. इकडे संगणक २ सेकंद वाट पाहतो, कारण बहुतेक ठिकाणी प्रतीक्षेचा गृहीत काळ तेवढाच असतो, आणि पडद्यावर वरील दहा अंकी ऋणसंख्या झळकावितो. मूळ चूक एक, संदेश तीन. त्यांतील खरा संदेश उपकरणाच्या पोटात राहतो, आणि विद्यार्थ्याला दिसतो तो त्या चुकीच्या परिणामाचा परिणाम. तो तारा तपासतो, पत्ता तपासतो, प्रतीक्षेचा काळ २ सेकंदांवरून २० सेकंदांवर नेतो. त्यामुळे हीच निराशा दहापट उशिरा पदरी पडते. ओळीच्या समाप्तिचिन्हाविषयी उपकरणाचे एक गृहीत आणि संगणकाचे दुसरे असले तरी असाच संदेश येतो. कारणे अनेक, संदेश एकच, आणि तोही आज्ञावलीच्या स्वतःच्या अनुभवाचा. तिला वाट पाहावी लागली एवढेच ती सांगते. बाहेर काय घडले असावे याची चौकशी ती करीत नाही.

ही चौकशी करणे अवघड आहे काय? मुळीच नाही. एससीपीआय मानणारे उपकरण त्याची त्रुटिरांग विचारली की तत्काळ सांगते. प्रतीक्षा फुकट गेल्यावर आज्ञावलीने आपण होऊन ती रांग वाचावी आणि जे सापडेल ते संदेशात जोडावे, एवढ्यानेच निम्मे काम होईल. शिवाय या मानकात त्रुटीच्या ठराविक वर्णनापुढे अर्धविराम देऊन उपकरणाने स्वतःची माहिती जोडावी अशी तरतूद आहे. वर्णन व माहिती मिळून २५५ अक्षरांपर्यंत जागा मोकळी ठेवलेली आहे. ‘मूल्य मर्यादेबाहेर’ एवढ्यावर न थांबता कोणते मूल्य, कोणती मर्यादा, आणि आता यंत्रात कोणते मूल्य लागू आहे, हे सांगावयास ती पुरेशी आहे. बहुतेक यंत्रे ही जागा रिकामी सोडतात. मानकाच्या कर्त्यांनी जी दूरदृष्टी दाखविली तिचा उपयोग करण्याचे श्रम पुढे घेतले गेले नाहीत.

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या १९८६ पासून प्रचलित असलेल्या लॅबव्ह्यू या प्रणालीत एक वेगळाच प्रकार आढळतो. तेथे ७ क्रमांकाच्या त्रुटीचे स्पष्टीकरण दुहेरी आहे : फाइल सापडली नाही, किंवा जीपीआयबी हा उपकरणांना जोडणारा दुवाच संगणकात नाही. दोन निरनिराळ्या परंपरांनी लहान आकडे आपापल्या त्रुटींना वाटून घेतले होते आणि त्यांचा संसार एका घरात सुरू झाला, असा याचा इतिहास दिसतो. दोन्ही अर्थ छापण्यात प्रामाणिकपणा आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या क्षणी त्रुटी घडली त्या क्षणी आज्ञावली फाइल उघडत होती की दुव्याशी बोलत होती, हे तिला ठाऊक असतेच. ते सांगणे तिला शक्य असता ती वाचकाला कोडे घालते.

त्रुटिसंदेशाच्या दारिद्र्याने काय होऊ शकते याचे सर्वांत दारुण उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचे आहे, तरी ते टाळता येत नाही. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा ज्ञात प्रसंगी रुग्णांना भयंकर प्रमाणात मात्रा दिली. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली त्याचे साद्यंत विवेचन केले आहे. टेक्सास राज्यातील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये पडद्यावर उमटले ते एवढेच : ‘मालफंक्शन ५४’. यंत्राबरोबर दिलेल्या कागदांत त्याचे स्पष्टीकरण दोन-तीन शब्दांपलीकडे नव्हते. त्याचा अर्थ, मात्रा फार जास्त गेली किंवा फार कमी गेली, असा होता. पडद्यावरील आकडा मात्र मात्रा कमी गेल्याचे दाखवीत होता. यंत्राने काम ‘स्थगित’ केले होते, आणि स्थगित काम एक कळ दाबून पुढे चालविण्याची मुभा होती. क्षुल्लक कारणांनी असे संदेश वारंवार येत असल्याने चालविणाऱ्यांच्या हाताला त्या कळीची सवय जडलेली होती. कळ दाबली गेली आणि रुग्णाला दुसरा आघात बसला. पाच महिन्यांनी तो मरण पावला. येथे गृहीत मांडणी आणि त्रुटिसंदेश यांची गाठ पडलेली दिसते. गंभीर व किरकोळ दोषांना एकाच सुरात उच्चारणारा संदेश, आणि ‘पुढे चला’ हेच ज्यात सर्वांत सोपे उत्तर आहे अशी मांडणी, या दोहोंनी मिळून तो अनर्थ अधिक भीषण केला. मूळ दोष आज्ञावलीत व काढून टाकलेल्या यांत्रिक अटकावांत होता हे खरेच. पण दोष घडल्यावर माणसाला सावध करण्याची जी शेवटची संधी होती, ती त्या दोन शब्दांनी घालविली.

मोठ्या त्वरकांवर व दुर्बिणींवर वापरली जाणारी एपिक्स ही प्रणाली लॉस अलामॉस व आरगॉन येथील प्रयोगशाळांच्या सहकार्यातून सुमारे १९९० च्या आसपास आकारास आली. तिच्यात एक गृहीत आदर्श म्हणावे असे आहे. नव्याने निर्माण केलेल्या प्रत्येक नोंदीचे मूल्य शून्य असले तरी तिच्यावर ‘अव्याख्यात’ असा शिक्का असतो, आणि त्याची गंभीरता सर्वांत वरची, म्हणजे ‘अग्राह्य’, धरलेली असते. यंत्राला जे माहीत नाही ते माहीत नाही असेच सांगितले जाते. दुर्दैवाने ही दृष्टी सर्वत्र टिकलेली नाही. त्याच प्रणालीत एखाद्या तापमानाला धोक्याची मर्यादा घालून दिली तरी घंटा वाजतेच असे नाही, कारण मर्यादेच्या उल्लंघनाची गंभीरता वेगळ्या घरात लिहावयाची असून तेथील गृहीत मूल्य ‘इशारा नाही’ हे आहे. आणि दशांश किती दाखवावेत याचे गृहीत मूल्य शून्य असल्याने ३.७ चे वाचन पडद्यावर ४ दिसते.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. प्रायोगिक शास्त्रज्ञाने आपले उपकरण जाणले पाहिजे. पुस्तिका वाचली पाहिजे. सर्व काही हाती आयते देणारी आज्ञावली अडाणीपणाला आश्रय देते, असा तो आक्षेप आहे. यातील पहिली दोन विधाने निर्विवाद आहेत. परंतु पुस्तिका गृहीत काय आहे ते सांगते; ते या क्षणी लागू आहे की मागच्या वापरकर्त्याने बदलून ठेवले आहे, हे ती सांगू शकत नाही. एसआर८३० नेहमीप्रमाणे सुरू केला तर मागची मांडणी स्मरून उभा राहतो. एका उपकरणावर पाच विद्यार्थी काम करीत असता पुस्तिका तोंडपाठ असूनही कोणी फसू शकेल. आणि चांगला संदेश अज्ञानाला आश्रय देतो हे म्हणणे आम्हांस उलटे वाटते. ‘५० ओहमचा भार गृहीत धरून १ व्होल्ट’ असे तरंगजनकाच्या पडद्यावर लिहिले असते तर अंतःरोधाचा धडा पहिल्याच दिवशी गिरविला गेला असता.

मग आपल्या विभागांनी काय करावे? उत्पादकांना पत्रे लिहून फारसे साधणार नाही. पण आज प्रयोगशाळांतील बहुतेक नियंत्रण-आज्ञावल्या विद्यार्थीच पायथनमध्ये लिहितात, आणि तेथील गृहीते व संदेश पूर्णपणे आपल्या हातात आहेत. निर्गम असलेल्या उपकरणाला पूर्वस्थितीत आणण्याची आज्ञा देण्याआधी नमुना अलग आहे की नाही हे आज्ञावलीने विचारावे. जेथे निरुपद्रवी गृहीत संभवत नाही, उदाहरणार्थ उद्दीपनाचा दाब किंवा प्रवाहाची मर्यादा, तेथे गृहीत ठेवूच नये. मूल्य दिल्याविना आज्ञावलीने पुढे जाण्यास नकार द्यावा. प्रत्येक विदा-फाइलीच्या शिरोभागी उपकरणाकडून परत वाचून घेतलेली मांडणी असावी. आपण कोणती मांडणी पाठविली याची नोंद त्या जागी चालणार नाही, कारण पाठविलेले स्वीकारले गेलेच असेल असे नाही. आणि संदेश कसा असावा याचा एक नमुना येथे देतो :

‘मल्टिमीटरला पाठविलेल्या दाब-वाचनाच्या प्रश्नाला २ सेकंदांत उत्तर आले नाही. उपकरणाच्या त्रुटिरांगेत उणे ११३, अज्ञात आज्ञा, अशी नोंद आहे. म्हणजे जोडणी ठीक असून प्रश्नाचे अक्षरलेखन तपासावे. पल्ला पूर्वीचाच, १० व्होल्ट, आहे. शेवटचे ग्राह्य वाचन क्रमांक २१४. त्यापुढे फाइलीत काहीही लिहिलेले नाही.’

यात विद्यार्थ्याला दोष दिलेला नाही, क्षमाही मागितलेली नाही. काय करू पाहिले, काय घडले, यंत्र आता कोणत्या स्थितीत आहे, आणि विदा कोठपर्यंत विश्वासार्ह आहे, हे सांगितले आहे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी आमच्या पाहण्यातील बहुतेक संदेशांत नसतात, आणि मध्यरात्री प्रयोग थांबला असता त्यांचीच गरज सर्वाधिक असते.

हा नमुना मराठीत लिहिला आहे तो केवळ या पत्रिकेसाठी नव्हे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी मजकूर तेथे कोणत्याही खटपटीविना लिहिता येतो. आपल्याकडील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीतून शिकून आलेले असतात. घाईच्या क्षणी मातृभाषेतील वाक्य त्यांना लवकर उमगेल असा आमचा तर्क आहे, आणि तो पडताळून पाहणे एखाद्या विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाच्या आवाक्यातले आहे. त्रुटिक्रमांक मात्र संदेशात जसाच्या तसा ठेवावा, म्हणजे पुस्तिकेत तो शोधता येईल.